पेटीतल्या परोपजीवी गांधीलमाश्या कशा ओळखाव्यात : नाशिकच्या नवोदितांसाठी

कृषी किंवा प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बऱ्याच महाविद्यालयांत कीटकसंग्रहाचं एक कपाट असतं. फुलपाखरं आणि भुंगेरे वरच्या पेट्यांत, नावानिशी मांडलेले. परोपजीवी गांधीलमाश्या मात्र खालच्या खणात, 'हायमेनोप्टेरा (म्हणजे मधमाश्या, मुंग्या, गांधीलमाश्यांचा गण), इतर' अशा चिठ्ठीखाली वर्षानुवर्षं पडून असतात. नाशिक जिल्ह्यापुरतं बोलायचं तर माझ्या मते ही पेटी सगळ्यात मोलाची. द्राक्षावरचा पिठ्या ढेकूण, हरभऱ्यावरची घाटेअळी, कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग, मक्यावरची लष्करी अळी, उसाचा खोडकिडा, या सगळ्यांना मारणाऱ्या गांधीलमाश्या आहेत. त्यांतली कोणती आपल्या शिवारात कधी, कुठे, कशावर सापडली याचा पुरावा या पेटीत असतो.

परोपजीवी म्हटलं की ऊ किंवा गोचीड आठवते. त्या यजमानाला जिवंत ठेवून त्याच्यावर जगतात. या माश्यांचं तसं नाही. मादी दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात, अळीत किंवा कोषात अंडी घालते, तिची अळी त्याला आतून किंवा बाहेरून खात वाढते आणि शेवटी यजमान मरतो. प्रौढ माशी मात्र मोकळी हिंडते आणि बहुधा फुलांतल्या मधावर जगते. म्हणूनच शेतकरी यांना मित्रकीटक म्हणतात.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांत माझा आग्रह एकच आहे. नमुना जिथवर पुरावा देतो तिथवरच नाव द्या. कुळापर्यंत बरोबर ओळखलेली माशी उपयोगाची असते. जातीचं चुकीचं नाव चिकटलेली माशी याद्यांत शिरते, तिथून प्रबंधांत, तिथून शिफारशींत, आणि मग तिला बाहेर काढणं फार जड जातं.

पेटी उघडण्याआधी

टेबलावर पांढरा कागद अंथरा, खिडकी उघडा. जुन्या पेट्यांत डांबरगोळ्यांचा वास कोंडलेला असतो आणि ती वाफ तासन् तास नाकात जाणं चांगलं नाही. झाकण काढल्यावर आधी नमुन्यांच्या खाली पाहा. टाचणीच्या बुडाशी बारीक तपकिरी भुकटी दिसली तर आत अँथ्रेनस भुंगेऱ्याच्या केसाळ अळ्या आहेत असं समजा. डांबरगोळीने त्या फार तर लांब राहतात, आत शिरलेल्या मरत नाहीत. अशी पेटी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतलं तापमान खोलीइतकं होऊ द्या, नाहीतर थंड नमुन्यांवर पाणी साठतं. पावसाळ्यात हे जास्तच सांभाळावं लागतं, कारण त्याच ओलीवर पुढे बुरशी चढते. जून ते सप्टेंबर पेटीत सिलिका जेलची पुडी असू द्या आणि तिचा रंग बदलला की वाळवून परत ठेवा.

साधनं फार लागत नाहीत. 10 ते 40 पट मोठं दाखवणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप, वाकड्या टोकाचा चिमटा, बारीक ब्रश, फोमचा तुकडा, एलईडी दिवा. दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर जरूर लावा. या माश्यांचं अंग चकचकीत असतं. थेट प्रकाशात फक्त चमक दिसते, पृष्ठभागावरची नक्षी आणि खाचा दिसत नाहीत. निम्म्या वेळा 'दिसत नाही' ही तक्रार मायक्रोस्कोपची नसून दिव्याची असते.

नमुना उचलताना बोट माशीच्या जवळपासही नेऊ नका. चिमट्याने टाचणी खालच्या बाजूला, फोमलगत धरा आणि सरळ वर ओढा. वाळलेल्या शृंगिका म्हणजे मिशा नुसत्या धक्क्यानेही तुटतात, आणि ओळखीची बरीच मदार त्यांच्यावरच असते. तुटलेला पाय किंवा मिशी टाकून देऊ नका. छोट्या कार्डावर डिंकाने चिकटवून त्याच टाचणीत अडकवा.

माशीच्या आधी लेबल वाचा

नवखा माणूस पहिल्यांदा माशीकडे बघतो. मी उलट सांगेन. मायक्रोस्कोप लावण्याआधी प्रत्येक टाचणीवरच्या सगळ्या चिठ्ठ्यांचा फोटो घ्या आणि मजकूर जसाच्या तसा वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये उतरवा, चुकीचं स्पेलिंगसुद्धा तसंच.

आपल्या भागातल्या गावांच्या नावांत काही खड्डे आहेत. इंग्रजी लेबलवर नुसतं 'दिंडोरी' असेल तर ती नाशिकची की मध्य प्रदेशातली, हे दुसऱ्या पुराव्याशिवाय ठरवू नका. ओझर दोन आहेत, एक निफाड तालुक्यातलं विमान कारखान्याचं आणि एक जुन्नर तालुक्यातलं विघ्नहराचं. देवळाली नाशिकचीही आहे आणि राहुरीजवळची देवळाली प्रवराही आहे. पिंपळगाव तर तालुक्यातालुक्यांत सापडतं. 'बागलाण' लिहिलेलं असेल तर तो सटाण्याचाच तालुका. गोळा करणाऱ्याचं नाव, तारीख, पीक आणि त्याच पेटीतल्या शेजारच्या टाचण्या यांवरून बहुतेक वेळा उलगडा होतो. तो झाला की तुमचा निष्कर्ष नोंदवहीत लिहा, मूळ चिठ्ठीवर कधीच नाही. तारखेतला महिना जुन्या लेबलांवर बऱ्याचदा रोमन आकड्यात असतो आणि ती पद्धत चांगली आहे. 4-7 म्हणजे चार जुलै की सात एप्रिल, हा घोळ त्यात होत नाही.

तारखेला आपल्याकडे आणखी एक अर्थ असतो. द्राक्षबागेतला नमुना असेल तर तो एप्रिल छाटणीनंतरचा की ऑक्टोबर छाटणीनंतरचा, हे तारखेवरून कळतं, आणि त्यावरून त्या वेळी वेलीवर नुसती पानं-काड्या होत्या की घड होते याचा अंदाज येतो. पिठ्या ढेकणावरच्या ॲनागायरससारख्या माशीच्या नोंदीला त्यामुळे वजन येतं. हे सगळं एका तारखेतून मिळतं, म्हणून तारीख नसलेला नमुना मी नेहमी शेवटी घेते.

'एक्स' म्हणजे 'यातून बाहेर आली' असा शेरा दिसला तर तो नमुना खास समजा. जाळ्यात पकडलेली माशी फक्त स्वतःचं अस्तित्व सांगते. अळीतून वाढवून मिळालेली माशी नातं सांगते. अशा टाचणीवर यजमानाची वाळकी कातडी, कोष किंवा पोकळ मावा चिकटवलेला असतो. तो कधीही वेगळा करू नका. तरी शेऱ्यावर आंधळा विश्वासही ठेवू नका. मेलेल्या, फुगलेल्या माव्यातून निघालेली माशी माव्याचीच परोपजीवी असते असं नाही. ती माव्यातल्या परोपजीवीवर जगणारी दुसरी माशी असू शकते. पॅकिन्यूरॉन ही अशी नेहमी भेटणारी. शेतीच्या हिशेबात पहिली मित्र आहे, दुसरी त्या मित्राला मारणारी.

ही गांधीलमाशी आहे का?

पंख मोजा. चार हवेत. दोनच पंख आणि त्यांच्यामागे दोन बारीक दांडुके असतील तर ती खरी माशी, पिवळ्याकाळ्या पट्ट्यांनी गांधीलमाशीची नक्कल करणारी. चार पंख आहेत पण कंबर नाही, वक्ष आणि उदर रुंद जोडलेले आहेत, तर ती करवतमाशी. कंबरेवर उभी गाठ आणि वाकलेल्या मिशा असतील तर पंख फुटलेली मुंगी असण्याची शक्यता मोठी, विशेषतः पहिल्या पावसात दिव्याखाली धरलेल्या नमुन्यांत.

डंख मारणाऱ्या शिकारी गांधीलमाश्यांच्या मिशांना मादीत 12 आणि नरात 13 खंड असतात. मिशीला 16 हून जास्त खंड मोजता आले, तर तुम्ही बहुधा इक्न्यूमॉन या परोपजीवी माश्यांच्या गटाच्या बाजूला आहात. अंडी घालायची नळी दिसत नाही म्हणून नमुना बाद करू नका. नराला ती नसतेच, आणि पुष्कळ माद्यांत ती पोटात दडलेली असते.

घरात, मोरीच्या आसपास दिसणारी एक काळी माशी इथेच वेगळी काढता येते. तिचं छोटं उदर वक्षाच्या मागे खाली नव्हे, तर वर पाठीवर, बारीक देठाने जोडलेलं असतं आणि चालताना झेंड्यासारखं वरखाली हलतं. हे इव्हॅनिइडी कुळ. तिच्या अळ्या झुरळांच्या अंडीकोशांत वाढतात.

पुढचा पंख : इथे वेळ घालवा

सगळ्या ओळखीत माझा सर्वांत जास्त भरवसा पुढच्या पंखावर आहे. रंग फिका पडतो, अंग आकसतं, शिरा मात्र पन्नास वर्षांनीही तशाच असतात. पंखाखाली पांढरा कागद धरा आणि दोन प्रश्न विचारा.

पंखात शिरांचं जाळं आहे, वरच्या कडेला गडद डाग आहे आणि कडेच्या दोन शिरा इतक्या चिकटलेल्या आहेत की त्यांच्यात कप्पा उरलेला नाही? मग ती इक्न्यूमॉनॉइडिया या अधिकुळातली. यात दोनच मोठी कुळं आहेत, इक्न्यूमॉनिडी आणि ब्रॅकॉनिडी. जगभरात वर्णन झालेल्या इक्न्यूमॉनिडींच्या जाती 25,000 च्या आसपास आहेत, ब्रॅकॉनिडी त्यांच्या मागोमाग.

त्यांतला फरक पंखाच्या बाहेरच्या अर्ध्यात आहे. तिथे लांब शिरांना जोडत खाली उतरणाऱ्या आडशिरा पाहा. इक्न्यूमॉनिडीत दोन असतात, ब्रॅकॉनिडीत दुसरी नसते. काही बारीक इक्न्यूमॉनिडींत ती शीर गायब असते, म्हणून एवढ्यावर थांबू नका. उदराच्या पाठीवरचे दुसरा आणि तिसरा पट्टा पाहा. ब्रॅकॉनिडीत ते एकमेकांना घट्ट जुळलेले असतात, इक्न्यूमॉनिडीत त्यांच्यामध्ये हलणारा सांधा असतो. पंख आणि पोट दोघांचं एकमत झालं की कुळ पक्कं.

आपल्या पेट्यांत इक्न्यूमॉनिडी बहुधा तीन रूपांत भेटतात. पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या, नारिंगी-तपकिरी, चपट्या पोटाच्या, मोठ्या डोळ्यांच्या एनिकोस्पायलस. पिवळ्याधमक, अंगावर काळे ठिपके असलेल्या झँथोपिंप्ला. आणि हरभऱ्यातली लहानशी काळसर कॅम्पोलेटिस क्लोरिडी, जी घाटेअळीला लहानपणीच गाठते, त्यामुळे कोषाशेजारी वाळून गेलेल्या बारीक अळीची कातडी सापडते. झँथोपिंप्लाच्या बाबतीत एक इशारा. पिवळा रंग आणि काळे ठिपके जीनसपर्यंत, म्हणजे जातीच्या वरच्या पायरीपर्यंतच, नेतात. ठिपक्यांची जागा, पायांवरच्या खुणा आणि नळीची लांबी तपासल्याशिवाय जातीचं नाव लिहू नका. माहीत असलेलं पहिलंच नाव चिकटवायचा मोह इथे फार होतो.

ब्रॅकॉनिडीत कोटेशिया नेहमी दिसते. हिच्या अळ्या यजमान अळीच्या कातडीतून बाहेर येऊन पांढरे किंवा पिवळे कोष विणतात. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीतून एकेकटी निघणारी ती कोटेशिया व्हेस्टॅलिस. जुन्या लेबलावर हिचंच नाव ॲपॅन्टेलिस प्लुटेली असं सापडेल.

दुसरा प्रश्न असा : पंखात जाळं नाहीच, वरच्या कडेने एकच शीर जाते आणि तिला टोकाकडे एक छोटी फांदी फुटते? माशीही बहुधा तीन-चार मिलिमीटरच्या आतली, मिशा मधूनच वाकलेल्या? मग चाल्सिडॉइडिया. खात्रीसाठी मानेमागची पट्टी, म्हणजे प्रोनोटम, पाहा. ती पंखाच्या मुळाशी असलेल्या छोट्या खवल्यापर्यंत पोचत नाही, मध्ये वेगळी तबकडी असते. बारीक, काळ्या, वाकलेल्या मिशांच्या दुसऱ्या माश्यांत ती पट्टी खवल्यापर्यंत पोचते आणि मिशा तोंडाच्या अगदी जवळून निघतात. पोटाच्या कडाही धारदार असतील तर ती सेलिओनिडी, इतर कीटकांच्या अंड्यांत वाढणारी. भारतात 2018 मध्ये आलेल्या अमेरिकन लष्करी अळीच्या अंड्यांवर वापरली जाणारी टेलेनोमस रेमस याच कुळातली.

हिरवीनिळी धातूसारखी चमक दिसली की 'चाल्सिड' म्हणायची घाई करू नका. क्रायसिडिडी कुळातल्या माश्याही तशाच चमकतात. त्यांच्या पंखात मात्र शिरा जास्त असतात आणि पोटाची खालची बाजू खोलगट असते.

चाल्सिडांची कुळं : मांडी आणि पाऊल

इथे कुळं पुष्कळ आहेत, पण नाशिकच्या पेटीतल्या बऱ्याच नमुन्यांचा निकाल पायांवर लागतो.

मागची मांडी टम्म फुगलेली आणि खालच्या कडेला दाते असतील तर चाल्सिडिडी. पतंगांच्या कोषांतून निघणारी काळीपिवळी ब्रॅकिमेरिया यातलीच. मांडी तशीच, पण पंख लांबीला घडी घातलेले आणि नळी पाठीवर वळलेली असेल तर ल्यूकोस्पिडी.

त्यानंतर पावलाचे खंड मोजा. तीन असतील तर ट्रायकोग्रॅमॅटिडी. चार असतील तर बहुधा युलोफिडी. पाच असतील तर पर्याय वाढतात. मधल्या पायाच्या नडगीला जाड, लांब काटा आणि वक्षाच्या बाजूला एकच मोठी फुगीर ढाल दिसली तर एन्सर्टिडी, म्हणजे पिठ्या ढेकणांवरची बरीच मंडळी. तो जाडजूड पाय उडी मारण्यासाठी असतो. मागचा पंख देठावर उभा असल्यासारखा अरुंद आणि कडेला लांब केसांची झालर असेल तर मायमॅरिडी, कीटकजगातल्या सर्वांत लहान जीवांचं कुळ. उंबराच्या फळातून काढलेल्या माश्या पेटीत असतील तर त्यांचा वेगळा गट करा. त्यांतल्या काही परागीभवन करणाऱ्या आहेत, परोपजीवी नव्हेत, आणि एकाच फळातून दोन्ही प्रकार निघतात.

पाऊलच दिसत नसेल तर दोष चिकटवण्याचा असतो. कार्डावर पोट खाली करून भरपूर डिंकात बसवलेला नमुना जवळजवळ वाया जातो. कागदाच्या त्रिकोणी टोकावर, वक्षाच्या उजव्या बाजूने, अगदी थोड्या डिंकात चिकटवला की डावी बाजू, चेहरा आणि पाय मोकळे राहतात. डिंक पाण्यात सुटणारा घ्या. सुपरग्लू किंवा नेलपॉलिश वापरलेला नमुना पुढच्या माणसाला सोडवता येत नाही.

नाव कुठे थांबवायचं

ट्रायकोग्रामाचंच घ्या. उसावर आणि टोमॅटोवर ट्रायकोकार्ड, म्हणजे ही माशी आत वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड, लावणारे शेतकरी ही माशी न पाहताही ओळखतात. पण पेटीतल्या अर्ध्या मिलिमीटरच्या वाळक्या नमुन्यावरून तिची जात सांगता येत नाही. त्यासाठी नराचं जननेंद्रिय स्लाइडवर घेऊन पाहावं लागतं. ते किती निर्णायक आहे हे बंगळूरूला काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी 1970 च्या आसपास दाखवलं. त्या आधीच्या भारतीय लेबलांवरची ट्रायकोग्रामा ऑस्ट्रॅलिकम पुष्कळदा आजची ट्रायकोग्रामा चिलोनिस असते. म्हणून नर नसेल, स्लाइड नसेल, तर 'ट्रायकोग्रामा, जाती अनिश्चित' एवढंच लिहा.

वर्गीकरणही हलत असतं. ॲपॅन्टेलिस या अवाढव्य जीनसची 1981 मध्ये कीटकशास्त्रज्ञ मेसन यांनी फोड केली, त्यातून कोटेशियासारखे गट वेगळे झाले. टेरोमॅलिडी हे चाल्सिडांतलं 'जे कुठे बसत नाही ते इथे' असं कुळ 2022 मध्ये अनेक कुळांत विभागलं गेलं. सेलिओनिडीला 2007 मध्ये दुसऱ्या कुळात विलीन केलं आणि 2021 मध्ये परत स्वतंत्र केलं. म्हणून जुनं नाव चुकीचं ठरवून ती चिठ्ठी फाडणं हा मोठा अपराध. जुनी चिठ्ठी टाचणीवरच राहते. तिच्याखाली तुमची नवी चिठ्ठी येते : नाव, ओळखणाऱ्याचं नाव, वर्ष. पुढचा माणूस दोन्ही वाचून ठरवेल. चिठ्ठी आम्लरहित कागदावर, न पसरणाऱ्या काळ्या शाईने.

लाल चिठ्ठी असलेली टाचणी दिसली तर तिथेच थांबा. ती होलोटाइप असू शकते, म्हणजे ज्या एका नमुन्यावर त्या जातीचं नाव टिकून आहे तो. ती हलवू नका, साफ करू नका, विभागप्रमुखांना कळवा.

तज्ज्ञांकडे पाठवताना

कुळापर्यंत लावलेली पेटी तज्ज्ञाला उपयोगी पडते. न लावलेल्या पेटीला हात लावायला कुणाकडे वेळ नसतो. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. बंगळूरूला कृषी कीटकांची राष्ट्रीय संस्था एनबीएआयआर आहे, जुन्या कागदांवर तिचंच नाव पीडीबीसी असं असतं. दिल्लीला भारतीय कृषी संशोधन संस्थेत पुसा संग्रह आहे. आधी पत्र लिहा आणि सोबत पाच फोटो द्या : बाजूने, वरून, चेहरा, पुढचा पंख, मागचा पाय. ते हो म्हणाले की मगच नमुने. प्रत्येक नमुन्याच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या टाचण्या रोवा, पेटी दुसऱ्या मोठ्या खोक्यात मऊ भराव घालून ठेवा. काय पाठवलं त्याची यादी खोक्यातही आणि तुमच्याकडेही. परदेशातल्या तज्ज्ञाला परस्पर काही पाठवू नका, तिथे जैवविविधता कायदा 2002 लागू होतो.

नमुना नाव घेऊन परत आला की नोंदवही लगेच दुरुस्त करा. मग त्याच गावचे, त्याच तारखेचे, त्याच यजमानातून निघालेले बाकीचे नमुने त्याच्याशेजारी मांडून मायक्रोस्कोपखाली एकेक करून तपासा. तेच नाव सरसकट लावू नका, कारण एकाच शेतातून आणलेल्या अळ्यांमधून दोन वेगळ्या माश्या निघालेल्या असू शकतात.